अंगठ्याचा खळगा

उत्खननाच्या जागेला लागून पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथे मी आणि माझी धाकटी बहीण खापरं धुवून जोडायचं काम करायचो. खिडकीखाली दोन टेबलं, पाण्याची घमेली, दात घासायचे जुने ब्रश आणि सगळीकडे भरून राहिलेला ओल्या मातीचा वास. तो वास मला अजून आवडतो. आवडायला नको खरं तर.

आमच्या सरांचं एक खूळ होतं. माणसाचे डोळे सगळ्यात लबाड, असं ते म्हणायचे. वस्तू हातात आली की आधी डोळे मिटायचे, मग चाचपायचं, टिचकी मारून ऐकायचं, हुंगायचं. हाड की दगड कळेना, तर जिभेला लावायचं. जुनं हाड जिभेला चिकटतं.

"माझ्या सासूबाईंना कळलं ना, तर उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत," धाकटी म्हणायची, आणि तरी चाटायची.

खाली सापडलेलं घर भांडी घडवणाऱ्याचं होतं. एकाच जागी थरावर थर. वरचा थर त्यातल्या त्यात अलीकडचा. खाली जावं तसतसा काळ मागे जायचा. पहिल्याच थरात कान असलेले मातीचे पेले निघाले. प्रत्येकाच्या कानाखाली, माती ओली असताना दाबलेल्या अंगठ्याचा खळगा.

"कुणीतरी कानाखाली ठेवून दिलीय बिचाऱ्याच्या," धाकटी हसली आणि डोळे मिटून तिने आपला अंगठा त्यात बसवला. हसू ओठांवरच थांबलं.

"ताई, हा माझा आहे."

तिच्या अंगठ्यावर तिरपा व्रण होता. लग्नानंतर नव्या घराच्या खिडकीची काच लागलेली; नवऱ्याने रुमाल गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं होतं. मी खळग्यात बोट फिरवलं. तीच तिरपी रेघ माझ्याही बोटाला लागली.

"काय बाई, हजेरीचा अंगठा इतक्या वर्षांपूर्वीच लावून ठेवलात?" सर म्हणाले. आम्ही हसून हसून बेजार झालो.

खालच्या थरातल्या पेल्यांवर ती रेघ नव्हती. धाकटीचा अंगठा तरीही चपखल बसला. मी तिचा हात खिडकीपाशी, उजेडात धरला. कातडी गुळगुळीत.

"तुझा व्रण कुठे गेला?"

"कसला व्रण?"

"काचेचा. तुझ्या घरच्या खिडकीचा."

"आपल्या घरची खिडकी कधी फुटली?" तिने भाबडेपणाने विचारलं.

संध्याकाळी तिचा नवरा सायकल घेऊन न्यायला आला, तर ती माझ्यामागे लपली.

"ताई, हे कोण?"

"झालं! ओळख विसरली की स्वयंपाक टळला," तो हसत म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याने सायकल भिंतीला टेकवली.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी तिला माझ्या घरी ठेवून घेतलं, शेडकडे फिरकू दिलं नाही. उपयोग झाला नाही. तिकडे कुदळ खाली जाई, इकडे तिचं काहीतरी कमी होई. एकदा कपडे धुताना तिची अंगठी बादलीत सापडली. बोटातून आपोआप निसटली होती.

मी सरांकडे गेले. "खणणं थांबवा. एकेका थराबरोबर माझी बहीण जातेय."

"तुम्ही थकला आहात. शेवटचा एकच थर उरलाय."

दुसऱ्या दिवशी मी तिलाच त्यांच्यापुढे उभं केलं. "डोळे मिटा, सर. मग हिचा हात हातात घ्या."

त्यांनी घेतला. बराच वेळ चाचपला.

"हा तर लहान मुलीचा हात आहे," ते पुटपुटले. डोळे उघडायचा त्यांना धीर होईना.

समोर तिशीतली बाई उभी होती.

त्याच दुपारी खड्डा बुजवला. पण शेवटचा पेला सकाळीच वर आला होता. त्याच्या कानाखाली दोन खळगे होते. एक चिमुकला, आणि त्याला लागून दुसरा, मोठा, वाकड्या अंगठ्याचा. सरांनी त्यात अंगठा घालून पाहिला, मीही पाहिला. कुणाचाच बसला नाही. धाकटी पेला सोडेना. सरांनी तो तिच्याकडेच राहू दिला.

गेलेलं काही परत आलं नाही. नवरा बरीच वर्षं दर रविवारी यायचा. ती त्याला काका म्हणायची. मग तो यायचा थांबला.

आता तिचे केस पिकलेत. हात मात्र लहान मुलीचेच राहिलेत.

यंदा माझे सांधे फार सुजले. अंगठा वाकलाय, बटणं लावता येत नाहीत. आज सकाळी खिडकीत बसले होते, तर ती पेला घेऊन आली.

"ताई, डोळे मीट."

मी मिटले. तिने माझा अंगठा धरून नेला.

बसला.

शेजारी तिचा चिमुकला अंगठा होता, उबदार.

"आता आलीस," ती म्हणाली.

मी हात ओढून घेतला, डोळे उघडले.

माझ्या नखात ओली माती होती.