ढगवाल्यांचं वर्णन

"जरा पाय उचला."

टेबलाखालून आवाज आला आणि मी दचकून खुर्चीसकट मागे सरकले. खाली एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. गळ्यात वायरींचं भेंडोळं होतं, आणि दोन्ही हात फरशीवर काहीतरी चाचपत होते.

"चष्मा शोधताय का?" मी विचारलं.

"हो. इथेच पडलाय कुठेतरी."

"कपाळावर आहे."

त्यांनी हात वर नेला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मग ठेवा पाय," ते म्हणाले. "काम झालं."

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं, भाऊ-वहिनीकडे राहत होते. बावन्नाव्या वर्षी असं काही होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हा तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवते.

आमचं ऑफिस अंध मुलांसाठी पुस्तकं तयार करायचं. मजकूर वाचून दाखवायला यंत्र होतं, पण चित्राचं काय? चित्रांची वर्णनं आम्ही चौघी लिहायचो. नियम एकच, आणि तो आमच्यातल्या सर्वात जुन्या मोठ्या बाईंनी घालून दिलेला. जे दिसतं तेवढंच लिहायचं. मुलगी दुःखी आहे असं लिहायचं नाही, मुलीची मान खाली आहे असं लिहायचं. दुःख ज्याचं त्याने ओळखावं.

फायली पूर्वी ज्याच्या त्याच्या कम्प्युटरमध्ये असायच्या. साहेबांनी त्या क्लाउडवर न्यायचं ठरवलं, म्हणजे इथे लिहिलेलं आपोआप वर जाणार आणि चौघींना दिसणार. हे जाणं-येणं म्हणजे सिंक. ते लावून द्यायला दोन इमारती पलीकडच्या कंपनीतून हे गृहस्थ आले होते. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना 'ढगवाले' करून टाकलं. खरं नाव फक्त साहेबांच्या कागदांत राहिलं.

सुरुवातीला बिघाड खरेच होते. एकीच्या फाईलच्या दोन प्रती व्हायच्या, दुसरीची जुनीच उघडायची. माझी एक फाईल काही केल्या वर जाईना. ढगवाले आले, छत्री दाराशी टेकवली, आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले. ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास आला.

"नावात प्रश्नचिन्ह आहे," ते म्हणाले. "फाईलच्या नावात प्रश्न विचारायचा नाही. ती अडून बसते."

"मग कुठे विचारायचा?"

"मला विचारा की."

समोरच्या टेबलावर मोठ्या बाई उगाचच खोकल्या.

महिन्याभरात सगळं सुरळीत झालं आणि ढगवाल्यांचं येणं थांबलं. मग एक दिवस स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या सिंकच्या गोल फिरणाऱ्या बाणांवर माझं बोट चुकून पडलं. यादी उघडली, तिच्यात 'थांबवा' असं होतं. तेही दाबलं गेलं. बाण थांबले. मी फोन केला, आणि दहा मिनिटांत ढगवाले दारात.

ते पहिल्यांदा चुकून झालं. पुढच्या खेपांबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही.

सकाळी वहिनी मला वरपासून खालपर्यंत बघायची. "नवे कपडे? आज कम्प्युटर बिघडणार वाटतं."

"काहीतरीच तुझं."

"बिघडू दे बाई. पंचवीस वर्षांत तुझं काहीच बिघडलं नव्हतं."

ढगवाले यायचे, दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं करायचे. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, हे त्यांनी एकदा की-बोर्ड पुसता पुसता सांगितलं. एकदा म्हणाले, "मी जर तुमच्या पुस्तकात आलो, तर माझं वर्णन काय लिहाल?"

"चित्र स्थिर पाहिजे. तुम्ही सारखे टेबलाखाली."

"बरं, हा बघा उभा राहिलो." आणि खरोखरच दारात उभे राहिले. छत्री काखेत, चष्मा कपाळावर.

"आज नाही," मी म्हटलं. "नंतर लिहीन… सावकाश."

"नंतर तर नंतर. मला घाई नाही."

घाई होती ती मोठ्या बाईंना. त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा हळूहळू जात होता. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष सांगितलं होतं. हातात पक्ष्यांचं पुस्तक होतं. साठ पक्षी, साठ चित्रं. "हे एवढं माझ्या डोळ्यांनी होऊ दे," त्या म्हणायच्या. आपल्या टेबलावर दिसेनासं झालं की माझ्या खिडकीजवळच्या कम्प्युटरवर येऊन बसायच्या. तिथे उजेड चांगला होता.

एका बुधवारी दुपारी मी बाण थांबवले. गुरुवारी फोन करायचा बेत होता. पण गुरुवारी पहाटे वहिनीच्या पोटात दुखायला लागलं आणि ऑपरेशन करावं लागलं. बारा दिवस मी हॉस्पिटलात होते. त्या थांबलेल्या बाणांची मला एकदाही आठवण झाली नाही.

परतले तेव्हा टेबलावर नवा कम्प्युटर होता. सगळ्यांचेच बदलले होते. जुन्यांतलं सगळं ढगवाल्यांनी पुसून दिलं होतं आणि शनिवारी ते कम्प्युटर विकले गेले होते. मोठ्या बाई माझ्या खुर्चीत बसून नाक स्क्रीनला लावून पाहत होत्या.

"अगं, माझे शेवटचे अठरा सापडत नाहीत," त्या म्हणाल्या. "बेचाळीस आहेत. पुढचे अठरा इथेच बसून लिहिले मी, तू नव्हतीस तेव्हा."

बुधवारी थांबवलेले बाण मला तेव्हा आठवले.

ढगवाल्यांना साहेबांनी बोलावून घेतलं. ते आत जाण्याआधी जिन्याजवळ मी त्यांना गाठलं.

"ते माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मी ते… थांबवून ठेवलं होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पहिल्यापासून. यंत्र नोंद ठेवतं. कुणी थांबवलं, किती वाजता." त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला. "शुक्रवारी यादीत तुमचं मशीन थांबलेलं दिसलं. म्हटलं, राहू दे. तुम्ही रजेवर, म्हणजे त्याच्यात नवीन काही नसणार. आल्या की फोन करतील. उघडून तपासायला हवं होतं. नाही तपासलं."

"पहिल्यापासून माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यायला कारण कुठून आणलं असतं?"

आयुष्यात मला कुणी म्हटलेलं हे सगळ्यात गोड वाक्य. ते मी ऐकलं जिन्याच्या कठड्याला धरून.

"आत तुम्ही काही बोलू नका," ते म्हणाले.

आत त्यांनी सरळ सांगितलं, "सेटिंग माझ्याकडून चुकलं." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला तुमच्या मशीनवर काही वेगळं दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

नोकरी जाईल अशी भीती नव्हती. लोक हसतील ही भीती होती. पिकल्या केसांची बाई कम्प्युटर बिघडवून माणसाला बोलावते, हे चार जण एकमेकांना सांगतील, एवढीच. ढगवाल्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेवढी दया त्यांनी केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कंपनीचं आमच्याकडचं काम बंद झालं. तिथूनही त्यांना काढून टाकल्याचं पुढे कळलं.

अठरा पक्षी मी आणि मोठ्या बाईंनी पुन्हा लिहिले. आता त्यांना चित्रातलं फार थोडं दिसत होतं. मी बघून सांगायची, त्या वाक्य जुळवायच्या.

"चोच कशी आहे?"

"लांब आहे. टोकाशी खाली वळलेली."

"किती लांब? डोक्याएवढी की दुप्पट? नीट बघ. मला दिसत असतं तर तुला विचारलं नसतं."

अकराव्या पक्ष्याला मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. बाण, फोन, जिना, 'नाही'. मोठ्या बाई बराच वेळ बोटाने टेबलाची कड चाचपत राहिल्या.

"तुझं हसणं ऐकू यायचं मला," त्या म्हणाल्या. "बाण थांबले की तू हसायचीस. मला वाटलं, हसू दे. आता मला सांगून काय उपयोग? ज्याने तुझी चूक अंगावर घेतली त्याला फोन कर. पंख राहिले, पंखांचा रंग सांग."

नंबर माझ्याकडे होता. रोज उद्यावर ढकलत गेले. मग एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला आणि तो मीच उचलला.

"पक्ष्यांचं पुस्तक झालं का?"

आवाज ऐकून मी खाली बसले. "सोळा झाले. दोन राहिलेत."

"बाईंचे डोळे?"

"थोडाफार उजेड कळतो."

"हं." पलीकडे रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती. "आणि तुमचा कम्प्युटर? काही… बिघडलंय का?"

तो प्रश्न कशाचा होता, हे मला कळलं होतं. बाण माझ्यासमोर कोपऱ्यात गोल फिरत होते. एका शब्दाचं काम होतं. 'हो' म्हणायचं होतं. ते दहा मिनिटांत आले असते, तासाभरात आले असते, दुसऱ्या गावाहून आले असते. पण शेजारच्या दोघी मान वर करून माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "सगळं व्यवस्थित चाललंय."

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं."

फोन पुन्हा आला नाही. वर्षभराने मी त्यांचा नंबर फिरवला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता. पक्ष्यांचं पुस्तक निघालं. मोठ्या बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि एका घुबडाच्या वर्णनातली चूक काढली. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. वहिनी अजून कधीतरी माझे कपडे बघते, पण बोलत नाही.

एक वर्णन माझ्याकडून राहून गेलं होतं. ते आमच्या नियमाने लिहिते.

चित्रात एक पुरुष आहे. वय पंचावन्नच्या आसपास. तो ऑफिसच्या दारात उभा आहे. डाव्या काखेत मिटलेली छत्री, तिच्या टोकातून पाणी ठिबकतंय. चष्मा कपाळावर आहे. तो थोडा पुढे झुकलेला आहे, आणि त्याची नजर खिडकीजवळच्या खुर्चीकडे आहे. खुर्चीत एक बाई बसली आहे. तिचा चेहरा स्क्रीनकडे आहे. हात की-बोर्डवर आहेत.

ती लिहीत नाही.