सुकाणू बदलताना

खलाशी कप्तानाच्या परीक्षेत दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटला, तर कप्तानाचा परवाना विसरायचा, असं गुरुजींनी बजावलं होतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या दुपारी, सगळे जेवायला पांगल्यावर, तो नौकाशाळेच्या अंगणातल्या जुन्या बोटीत चढला. बोट लाकडी ठोकळ्यांवर उभी, समुद्र कोसभर लांब. सरावाला मात्र झकास! सोबत ताई होती. भाजी चिरता चिरता भावाकडून नियम घोकून घेताना ते तिलाच तोंडपाठ झाले होते.

"पाणी आणते. तोवर डुलक्या काढू नकोस," म्हणत ती शिडीवरून उतरली.

खलाशाने काचांच्या केबिनमध्ये शिरून सुकाणू धरलं. सुकाणू बदलताना जाणाऱ्याने 'दिलं' म्हणायचं, येणाऱ्याने 'घेतलं'; त्याशिवाय हात सोडायचा नाही, हा पहिला नियम. तेवढ्यात मागून कोणीतरी थकल्या आवाजात म्हणालं, "दिलं."

"घेतलं," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

मग त्याने वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. पायाखालची फळी हळूच झुलली. भर दुपारी काचांबाहेर धुकं दाटलं, ओल्या दोरखंडाचा वास आला. आणि हात... हात सुटेनात. समोर दोन दिवे उगवले, लाल आणि हिरवा. दोन्ही एकदम दिसले, म्हणजे समोरची बोट थेट आपल्या अंगावर येतेय, उजवीकडे वळायचं. तो वळला. दिवे तसेच नाकासमोर, जरा मोठे झालेले. तो पुन्हा उजवीकडे वळला.

"ताई!"

ती धावत वर आली आणि काचेकडे बघून थिजली.

"मागून कोणीतरी 'दिलं' म्हणालं गं... मी घेतलं. आता सुटत नाही... तू जा."

ताईने पदर खोचला आणि त्याच्या हातांशेजारी हात ठेवले. "म्हण."

"नाही..."

"उद्या परीक्षा तुझी आहे, माझी नाही. म्हण!"

दिवे काचेला भिडले. त्याला मरणाची भीती वाटली, दुसरं काही नाही.

"दिलं."

"घेतलं," ती हळूच म्हणाली.

हात सुटले. ऊन लख्ख पडलं. बोट ठोकळ्यांवर गप्प उभी होती आणि ताई कुठेच नव्हती. त्याने सुकाणूला मिठी मारली. "घेतलं! ताई, घेतलं गं!" तो घसा फोडून ओरडत राहिला. पण 'दिलं' म्हणायला ती तयार नव्हती.

त्याच्या मिठीतून सुकाणू जोर करून उजवीकडे फिरलं. थांबलं. आणि पुन्हा उजवीकडे.