वाक्य पुरं होईपर्यंत

वीस बाकं टेम्पोतून उतरवून तिनं पदराला हात पुसले आणि वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या मास्तरांकडे ऐटीत पाहिलं. वडिलांचा सुतारकामाचा कारखाना हाती घेतल्यावरची ही पहिलीच मोठी ऑर्डर, तीही सरकारी शाळेची! वीसच्या वीस बाकं एका मापाची, सूतभर फरक सापडला तर नाव बदलीन म्हणाली असती.

"सुरेख आहेत," मास्तर म्हणाले. डोळे हसरे, आवाज मऊ. "पण आमची मुलं... ए–ए..."

"ऐकत नाहीत? ते तुम्ही बघा. बाकं भक्कम आहेत."

तिची खोडच ती. समोरच्याचं वाक्य त्याच्या तोंडातून काढून घ्यायचं आणि आपणच संपवून टाकायचं. कारखान्यात सगळे तिला घाईबाई म्हणत ते काही उगाच नाही.

तेवढ्यात तिच्या कोपराला काहीतरी टोचलं. सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती, गळ्यात चित्रांच्या कार्डांचा जुडगा. ती तोंडानं बोलत नसे, कार्डं दाखवी. आत्ता तिनं धरलेल्या कार्डावर उघडा पंजा होता... थांबा!

"इथे कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही," चाकांच्या खुर्चीतला मुलगा गंभीरपणे म्हणाला. "माझं लिहून होईपर्यंत सर थांबतात. सरांचं बोलून होईपर्यंत आम्ही थांबतो."

वर्ग थांबला. घाईबाईलाही थांबावं लागलं.

"...एका मापाची नाहीत," मास्तरांनी वाक्य पुरं केलं.

तिनं आत डोकावून पाहिलं आणि बघतच राहिली. एकजण उभ्यानं वाचत होता, कारण बसलं की त्याची अक्षरं पळत. एकजण पालथा पडून गणितं सोडवत होता. अंधूक दिसणाऱ्या मुलीच्या पुस्तकातली अक्षरं तळहाताएवढी होती. प्रत्येकाच्या नावाची वेगळी वही, आणि तिच्यात मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : याला आज काय येतं, पुढच्या आठवड्यात काय यायला हवं, मदत कशी करायची. वीस मुलं, वीस वाटा, आणि गोंधळ म्हणावा तर कुठेच नाही. तिच्या शाळेत डाव्या हातानं लिहिलं म्हणून तिला बाकावर उभं करत. हे असंही असू शकतं?

"बाकं परत नेते," ती म्हणाली. "एकेकाचं माप घेऊन टेबलं करते."

मग ती रोज येऊ लागली. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं मास्तरांच्या. टेप गुंडाळताना बोटं भेटत, आणि माप मात्र पुन्हा घ्यावं लागे.

"सर, तुमच्या टेबलाचं माप राहिलं."

"मला क–कशाला? मी... बसतो कधी?"

"मग उभ्या माणसाचं घेते. हलू नका."

"तुम्ही आलात की... हलतंच काहीतरी."

यावर घाईबाईनं पेन्सिल उलटी कानावर खोचली होती.

पण त्यापुढे गाडी सरकेना. मास्तर म्हणत, "मला तुम्हाला एक..." आणि ती घाईघाईनं म्हणे, "स्टूल हवंय? होईल." दुसऱ्या दिवशी "तुमच्याशिवाय..." आणि तिचं उत्तर तयार, "दुसरा सुतार आहे ना." घरी जाऊन ती स्वतःवरच चिडे. खरं तर तिला भीती वाटे. वाक्य शेवटपर्यंत ऐकलं आणि ते भलतंच निघालं तर?

आज विसावं, शेवटचं टेबल बसलं. चाकांची खुर्ची अलगद आत सरकली आणि मुलानं दोन्ही कोपरं टेबलावर टेकली, आयुष्यात पहिल्यांदा. त्याचा चेहरा बघून मास्तरांनी डोळे टिपले. तिनं हत्यारं पिशवीत भरली. उद्यापासून यायला निमित्त उरलं नव्हतं.

"ऐका ना," मास्तर म्हणाले. "तुम्ही... उ–उद्या..."

बिल घेऊन या. पावती आणा. दहा वाक्यं तिच्या जिभेवर आली. तिनं ओठ दातांत धरला.

"उद्या... काम न–नसताना..."

वीस मुलं थांबली होती. तीही थांबली. आणि थांबलेल्या माणसाला किती दिसतं! त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला, शर्टाला लागलेला तिच्या कामाचा भुसा दिसला, आणि तो शब्द शोधण्याची त्यांची अफाट जिद्द दिसली.

"...फक्त माझ्यासाठी याल? उद्या, आणि मग... रोज?"

आता उत्तर द्यायचं होतं आणि घाईबाईच्या तोंडून शब्द फुटेना! तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कुणीही तिचं वाक्य पुरं केलं नाही.

कार्डवाली मुलगी पुढे आली आणि तिनं गळ्यातला अख्खा जुडगा काढून घाईबाईच्या हातात दिला.

घाईघाईनं तिनं एक कार्ड उचललं. ते निघालं "पाणी". वर्ग खुदकन हसला, मास्तरही हसले, पण थांबलेच होते सगळे. तिनं पुन्हा शोधलं, आणि कोपरे झिजलेलं एक कार्ड दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

"हो".