वरून बटण, आतून टिचबटण

पँटमधलं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं, तरी आजी ती पिळतच होती. पिळा देऊन देऊन मनगटं भरून आली, पण मोरीतून बाहेर यायचा धीर होईना... कारण बाहेर टेबलाशी तिची लेक बसली होती, अंगावर अजून दवाखान्याचा पांढरा पोशाख, पुढ्यात कोरा कागद, आणि ती नोकरीचा राजीनामा लिहायला बसली होती!

ज्या नोकरीवर ते तीन माणसांचं घर उभं होतं, ती नोकरी. नात ठकू सहा महिन्यांची असताना तिचा बाप गेला, त्या दिवसापासून लेकीनं रुग्णांच्या उशा-पायथ्याशी उभं राहून हे घर ओढलं होतं, आणि आजीनं ठकूला सांभाळलं होतं. सांभाळलं होतं? तेच तर!

सकाळी शाळेच्या बाईंनी दोघींना बोलावून घेतलं. ठकूच्या शाळेचा तो तिसराच दिवस.

"मुलगी आपल्या पायांनी गेली हो बाथरूममध्ये," बाई म्हणाल्या. "आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. कुणीतरी येईल, पँटचं बटण काढेल, म्हणून वाट बघत! शेवटी व्हायचं ते झालं. आता हा तुमचा फॉर्म बघा. स्वतःचे कपडे काढता-घालता येतात? होय. हातानं जेवता येतं? होय. बूट घालता येतात? होय. सही तुमचीच ना?"

"माझीच," लेक म्हणाली.

"रागावू नका, पण आईनं थोडं तरी लक्ष द्यायला हवं. आठ दिवस बघू. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी आणा तिला."

लेकीनं मान खाली घातली. आपल्या वॉर्डात भल्याभल्यांना धाकात ठेवणारी ती, शाळकरी पोरीसारखी म्हणाली, "चुकलं माझं."

आणि आजी? आजी शेजारच्याच खुर्चीत बसून पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. त्या फॉर्मवरच्या खुणा तिच्या हातच्या होत्या! लेकीनं कामाच्या घाईत नुसती सही केली होती, "आई, तुला जास्त माहीत, तूच भर" म्हणून. एक शब्द... एक शब्द तोंडातून निघाला असता तर!

तीस वर्षं तिनं शिवणकाम केलं होतं. ठकूचा एकेक कपडा तिच्या हातचा. वरून शोभेला सुरेख बटणं टाकलेली, पण त्यांना काजच नाही. आत टिचबटण, कमरेला इलास्टिक. आणि ते टिचबटणसुद्धा आजीच दाबायची. 'टिच्' वाजलं की ठकू टाळ्या पिटायची. शाळेच्या गणवेशाला मात्र खरी बटणं होती, आणि पोरीच्या बोटांना ती ठाऊकच नव्हती.

आजी मोरीतून बाहेर आली. हातातली पँट तशीच.

"लिहू नकोस ते," ती म्हणाली.

"नको कसं? पोर साडेचार वर्षांची झाली नि तिला बटण काढता येत नाही, हे आईला शाळेच्या बाईंकडून कळावं? मी जगाची सेवा करतेय आणि माझ्या घरात..."

"तुझं नाही चुकलं गं. माझं चुकलंय! त्या खोट्या खुणा माझ्या. तिला काहीसुद्धा येत नाही... मी येऊच दिलं नाही."

लेकीनं पेन खाली ठेवलं. "का पण, आई?"

"तुला आठवत नसेल. मी लोकांच्या पोरांचे गणवेश शिवत बसायचे आणि तू आपली आपण तयार होऊन शाळेत जायचीस, एक बटण वर, एक खाली. पोरं हसायची तुला. ते डोळ्यांसमोरून जाईना. म्हटलं, नातीच्या वाट्याला नको..." आजी थांबली. मग खुर्चीची पाठ धरून हळूच म्हणाली, "हे एवढंच खरं असतं तर बरं होतं. पण मला भीती वाटायची गं. पोरीला सगळं यायला लागलं, की या घरात मी कशाला लागणार?"

लेक संतापेल, बोलेल, बोलायलाच हवं, असं आजीला वाटत होतं. पण लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ओठ मात्र हसत होते.

"हसलेली पोरं नाही गं आठवत मला. मला आठवतं ते वेगळंच. पहिलं बटण माझं मी लावलं ना, तेव्हा तू मशीन थांबवलंस. दिवसभर कुणासाठी न थांबणारं तुझं ते मशीन! आणि नुसती बघत राहिलीस. अजून कुठलं अवघड काम हातात घेतलं, की मला ती शांतता ऐकू येते, आई..."

आजीला ते मुळीच आठवत नव्हतं! जन्मभर जपलं ते दुःख, आणि जपायचं होतं ते हातून कधी सांडलं, कळलंच नाही. ती ओल्या पँटसकट लेकीच्या गळ्यात पडली.

"अगं, पोशाख भिजतोय माझा!"

"भिजू दे मेला!"

कोरा कागद तसाच कोरा राहिला. त्या संध्याकाळी आजीनं ठकूच्या सगळ्या कपड्यांची टिचबटणं उसवली आणि काजं करायला घेतली.

पण काजं करणं सोपं. हात आवरणं महाकठीण! ठकू रडली, रुसली, "दुष्ट आजी" म्हणाली, तिनं भाताची अर्धी शितं फरशीवर सांडली. आजीनं दात आवळून सगळं बघितलं. आठव्या दिवशी सकाळी तर ती आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबूनच बसली.

"आजी, तुझे हात कुठे गेले?"

"गावाला गेलेत."

"कधी येणार?"

"तुला जमलं की येतील."

पोरीनं नाक फुरफुरवलं, जीभ बाहेर काढली आणि सदऱ्याच्या बटणांशी झुंज मांडली. पँटचं लागलं. सदऱ्याचं शेवटचंही लागलं, पण भलत्याच काजात! एक बाजू वर, एक खाली... हुबेहूब तशीच! दारातून लेकीचाच हात पुढे झाला.

"राहू दे," आजी म्हणाली. "तिनं लावलंय."

दुपारी शाळेच्या फाटकाशी बाई हसत आल्या. "आज एकटी जाऊन आली. वेळ लागला खरा, पण मदतीला गेले तर मला म्हणाली, 'बाहेर थांबा!' उद्यापासून नियमित पाठवा तिला."

मागून ठकू धावत आली, तिरका सदरा, कोरडी ठणठणीत पँट, आणि लांबूनच ओरडली, "आजी! आले का गं हात?"

"आले गं बाई, आले!" म्हणत आजीनं ते दोन्ही हात पसरले.