काओरच्या वाइनला घेवडा

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. गणपती बोळवले आणि दुसऱ्याच दिवशी हंबीररावांच्या कडेगावच्या घरात मटण शिजले. निवृत्त सुभेदार हंबीररावांनी उसाच्या गावात एकरभर द्राक्षे लावून लोकांना हसायला आधीच कारण दिले होते. त्यात त्यांचा मेव्हणा लालासाहेब फ्रान्समध्ये सहा महिने द्राक्षशेती शिकून आला. सकाळच्या एसटीतून तो उतरला तो तिकडच्या काओर गावच्या तांबड्या वाइनची बाटली घेऊनच. भर दुपारी दोघे पितळी पेले घेऊन सोप्यात बसले.

हंबीररावांच्या मनात मात्र दुसरेच घोळत होते. उद्यापासून पितरांचा पंधरवडा. त्यांचे चुलते जोतिबा पहिल्या महायुद्धात खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेले ते गेलेच. ना पत्र, ना तार. वडिलांनी मरताना बजावले होते, भावाचा म्हाळ घाल, त्याला उपाशी ठेवू नकोस. पण जोतिबांची बायको बनुबाई दरसाल एकच म्हणत, "जित्या माणसाचा म्हाळ घालत्यात व्हय रं?" साठ वर्षांत त्यांचे कुंकू एक दिवस चुकले नव्हते.

"आधी रंग बघायचा, मग वास, मग बारीक घोट," लालासाहेब म्हणाला. "आन् जेवणाशी जोडी जमाय पायजे, दाजी. सोयरीक जुळवल्यागत."

तांबड्या रश्श्याने वाइन पार मारून टाकली. उरला नुसता तुरटपणा. खर्डा-भाकरीबरोबर तर सुभेदारांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले.

"तुजी नवरी आमच्यात नांदायची न्हाई, गड्या," ते म्हणाले, आणि दोघेही पोट धरधरून हसले.

स्वयंपाकघरातून बनुबाईंचा आवाज आला, "मिरचीसंगं कुटं घेत्यात व्हय ते? थांबा. आळणीत घेवडा शिजत घातलाय."

मसाला पडण्याआधी बाजूला काढलेले हळद-मिठाचे मटण म्हणजे अळणी. त्यात वाळलेला घेवडा घालायचे कडेगावात कुणाच्या बापाने ऐकले नव्हते. पण ताटल्या आल्या, घासावर घोट गेला, आणि तुरटपणा घेवड्याच्या मऊपणात विरून गेला. मागे पिकल्या जांभळाची चव राहिली. हंबीरराव खूश झाले.

लालासाहेब हसायचा थांबला. "तिकडं ह्येच करत्यात, दाजी. मातीच्या भांड्यात, मंद जाळावर. हितं कुणाला मी बोललो न्हाई."

"बदकाची चरबी पायजे व्हती," बनुबाई उंबऱ्यात येऊन म्हणाल्या. "हितं कुटनं आणू?"

हंबीररावांनी पलटणीतल्या सवयीने विचार केला. घेवडा भिजायला रात्र लागते. काल रात्री लालासाहेब अजून पुण्यात होता, बाटली त्याच्या पेटीत.

बनुबाईंनी वाटीत थोडी वाइन घेतली, चाखली, आणि त्यांचा चेहरा खुलला. "तीन सालामागची हाय. गेल्या सालची लय आंबट झाली."

लालासाहेबाने बाटली फिरवून चिठ्ठीवरचे साल वाचले. एकाहत्तर.

"काकी," हंबीररावांनी हळूच विचारले, "काका हायत तिथं?"

"परवापातुर व्हते." आवाज अगदी रोजचा. "घाल आता म्हाळ. मी नगं म्हणत न्हाई."

तेव्हा त्यांनी काकींच्या कपाळाकडे पाहिले. ते सकाळपासूनच मोकळे होते.

इतकी वर्षे हवे होते ते मिळाले, आणि सुभेदारांना रडू आले.

बनुबाई मोरीवर गेल्या. लुगडे जरा वर धरून त्यांनी पायांवर तांब्या ओतला. पाणी जांभळे वाहिले. पुन्हा ओतला, पुन्हा जांभळे.

हंबीररावांच्या बागेला फळ यायला अजून पाच महिने होते.

घोट्यांच्या वरपर्यंत रंग चढला होता. बोटांच्या बेचक्यांत द्राक्षांच्या साली होत्या, अजून ओल्या.