थोडं वर यायचं

त्या शनिवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे सिलिंडरमध्ये हवा भरत बसली होती. गावाबाहेरच्या दगडखाणीत फार पूर्वी झरे फुटले, काम बंद पडलं, खाण पाण्याने भरली आणि आता तिथे हौशी लोक बुडी मारायला येत. ती आणि तिचा नवरा त्यांना शिकवत. वरचं पाणी हिरवं आणि उबदार. खाली जावं तसं ते काळं आणि गार होत जाई. अगदी तळाशी काम सोडून गेलेल्यांची एक क्रेन अजून उभी होती.

त्या क्रेनने तिच्या धाकट्या भावाला वेड लावलं होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. हसरा, आईचा लाडका. घरात कुणी रुसलं की समजूत घालायला त्यालाच पुढे करत. बुडी मारण्याचं पहिलं शिक्षण त्याने ताईकडेच घेतलं होतं. तेवढ्या शिक्षणावर जितकं खोल जाता येतं, त्याच्या दुपटीहून खाली ती क्रेन होती. ताईने त्याला बजावलं होतं, की तिथे जायचं तर खोल पाण्याचं वेगळं शिक्षण घे, मग मी स्वतः नेईन.

“ताई, पाणी तेच ना? चार हात खाली गेलं म्हणून काय बिघडतं?”

तिने समजावून सांगितलं. तिथे हवाच चढते, दारूसारखी, आणि चढलीय हे ज्याला चढते त्यालाच कळत नाही. हवा संपतेही भराभर. म्हणून शिकवताना एक गोष्ट घोकून घेतात: डोकं फिरल्यासारखं वाटलं, नको ते दिसू लागलं, की थोडं वर यायचं. वर आलं की भास विरतो.

“मग एवढंच लक्षात ठेवतो की,” तो म्हणाला. तिला हसू आलं आणि विषय तिथेच राहिला.

दुपारी ती नव्या लोकांना घेऊन उथळ पाण्यात होती. त्याच वेळी पलीकडच्या काठावरून तो आपल्यासारख्याच एका शिकाऊ मित्राबरोबर खाली उतरला. काही वेळाने मित्र एकटाच वर आला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. दगडावर बसून तो तुटक तुटक सांगत राहिला. क्रेनपाशी पोचल्यावर तुमचा भाऊ हसायला लागला, तोंडात नळी असूनही हसू ऐकू येत होतं. क्रेनच्या केबिनकडे बोट दाखवत होता, ओळखीचं कुणी आत बसलेलं असावं तसं. मी हात धरून ओढलं, तर हिसडा देऊन अंधारात निघून गेला.

ती आणि नवरा तसेच खाली गेले. हिरवं संपलं. तोंडात रबराची चव, कानात फक्त स्वतःचा श्वास, आणि टॉर्चच्या उजेडात तरंगणारा गाळ. मग गंजलेला लोखंडी खांब दिसला, त्याच्यावर केबिन.

तो आत बसला होता. मास्क नव्हता, डोळे उघडे, केस पाण्यात हलत होते. एका हाताने तो तिला बोलावत होता, सावकाश, लहान मुलाला बोलवावं तसं.

तिला इतका आनंद झाला, की ती हसली. आणि त्या हसण्यानेच भानावर आली. कितीजणांना शिकवलं होतं तिने. जीव खालीच ओढत होता, तरी मनावर दगड ठेवून ती थोडी वर आली. डोकं स्वच्छ झालं. आनंद ओसरला, थंडी हाडांत शिरली, हवेच्या काट्यावरचा आकडा नीट वाचता आला. मग तिने खाली पाहिलं.

तो तिथेच होता. आता दोन्ही हातांनी बोलावत होता.

काटा लाल खुणेवर आला होता. नवऱ्याने तिचा दंड धरला आणि तिला वर घेऊन आला.

संध्याकाळी सरकारी पाणबुड्यांनी प्रेत काढलं. ते क्रेनपाशी नव्हतंच. खाणीच्या दुसऱ्या टोकाला, पाय जुन्या तारेत अडकलेला, अर्धं गाळात. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पाण्यात उतरण्याआधीच सगळं संपलं होतं. केबिनचं विचारलं तर पाणबुडे म्हणाले, ती छपरापर्यंत गाळाने गच्च भरलीय, माणूस सोडा, हातसुद्धा शिरणार नाही.

म्हणजे भासच. तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला. लोक विचारत, ते शिक्षण घेतलं असतं तर वाचला असता का हो? ती हो म्हणे. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राही.

एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, “मला त्या दिवशी... भास झाला होता.”

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला.

“थोडं वर आल्यावरही... होता ना?” त्याने विचारलं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“दोन्ही हातांनी...” तो म्हणाला आणि पानावरून उठला.

त्यांनी शिकवणं बंद केलं. फाटकाला कुलूप घातलं. आता त्या पाण्यात कुणी उतरत नाही. आई मात्र रोज दुपारी किल्ली मागून घेते आणि काठावर जाऊन बसते. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून लेकही शेजारी बसते.

क्रेन जिथे आहे, तिथे वर बुडबुडे येतात. एक झुबका येतो, मग थोडं थांबून दुसरा. नवरा म्हणतो, गाळात वायू साठतो, त्याचे असतील. आई त्यावर काही बोलत नाही. ती तोंडाभोवती हात धरते आणि लेकाला घरातल्या नावाने हाक मारते.

बुडबुडे थांबतात. नीट ऐकू यावं म्हणून कुणी श्वास रोखून धरावा, तसे.

आई दुसऱ्यांदा हाक मारत नाही. तो गुदमरेल, म्हणते.