काजळ्याचा फाटका कान

लोणारजवळच्या काळ्या माळावर ती बंदवस्ती पालथ्या घातलेल्या परातीसारखी दिसे. आत शिरलं की वर्षभर बाहेर यायचं नाही. बाहेरची हवा नाही, पाणी नाही, माणूस नाही. मंगळावर जाण्याआधीची ही तालीम. निवडलेल्या चौघांत डॉक्टर रेवती दाभोळे वयाने सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीला टेकलेल्या. या खेपेला नाव गळलं तर पुढची खेप आपल्यासाठी नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

वस्तीचं दार बंद होण्याच्या आदल्या दिवशी मनोविज्ञान प्रयोगशाळेत डॉक्टर प्रज्ञा हिंगमिरेंनी त्यांच्या हातात एक पातळ वाचनपाटी ठेवली.

"ही कादंबरी. 'अरुंधरची बखर'. यक्ष आहेत, शरभ आहेत, अकरा राजघराणी आहेत. नऊ खंड."

"नऊ?" रेवती हसल्या. "हे औषध म्हणून देताय की शिक्षा म्हणून?"

"मोजपट्टी म्हणून. मनलय ठाऊक आहे ना तुम्हाला? चार माणसं एकच अन्न खातात, एकाच वेळी झोपतात, तीच हवा घेतात. काही महिन्यांत त्यांचे मेंदू एकमेकांच्या तालावर चालायला लागतात. भजनात टाळ आपोआप जुळतात ना, तसे."

"मग चांगलंच की ते."

"भजनाला चांगलं. वस्तीत वाईट. एकजण म्हणाला दार लावलंय, की बाकीच्या तिघांना दार लावलेलं आठवतं. खोटं बोलत नाहीत हो ते, खरोखर आठवतं. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नाही, डॉक्टर. दर वेळी ती नव्याने रांधावी लागते. आणि रांधताना शेजारणीने हातावर ठेवलेलं मीठही त्यात पडतं."

"आणि ते पडलं की चव कोणाची, ते कळत नाही."

"बरोबर. म्हणून ही बखर. छोटी गोष्ट चौघांनाही पाठ होईल. इतिहास दिला तर कोणीतरी तो आधीच वाचलेला असेल. हा पसारा मात्र असा आहे की सगळा कोणालाच आठवणार नाही, आणि ताडून बघायला बाहेर अरुंधर नावाचा देशच नाही. तुम्ही रोज वाचायचं, जेवताना त्यावर मनसोक्त भांडायचं. आम्ही इथून ऐकू. मतभेद टिकले तर वस्ती निरोगी."

नियम दोनच होते. आपली पाटी दुसऱ्याला दाखवायची नाही, आणि वाचलेलं पान मागे उलटत नाही. पहिल्याच वाचनाला डोळा कुठे अडखळतो ते पाटी टिपत असे, म्हणून.

निघताना रेवती दारात थांबल्या. "सगळं सांगितलंत ना मला?"

"सगळं सांगितलं तर मोजता येणार नाही," हिंगमिरे म्हणाल्या.

वस्तीत भांडणांना तोटा नव्हता. यंत्रं सांभाळणारा तुषार वाघचौरे मूळचा संगमनेरचा. पहिल्याच आठवड्यात त्याने ताट बाजूला सारलं.

"चार पानं! चार पानं नुसती आमटीची, राव! राजा उपाशी बसलाय आणि लेखक फोडणीत कढीपत्ता मोजतोय. कोणीतरी याच्या हातातली लेखणी काढून घ्यायला पाहिजे होती."

"मला तर तीच पानं आवडली," नाझनीन मुजावर म्हणाली. मिरजेची नाझनीन शेवाळटाकी आणि भाज्यांचे वाफे बघायची. "लढाया काय, सगळ्या सारख्याच. माणसं जेवताना बघितली की ती खरी वाटतात."

वस्तीप्रमुख पुष्कर सामंत मोजून मापून बोलत. "पसारा आहे खरा, पण बांधकाम पक्कं आहे. पहिल्या खंडातला खिळा पाचव्यात कामाला येतो."

"तोवर आमच्या शवपेटीला खिळा लागतोय, सर."

"तू वंशावळी गाळतोस, गाणी गाळतोस," नाझनीन म्हणाली, "आणि वर बोलायला पुढे!"

रेवती काही गाळत नसत. त्यांची वाचण्याची रीत घरची होती. आंघोळ करून, देवापुढच्या समईऐवजी यंत्राच्या हिरव्या दिव्यापुढे हात जोडून, काही खाण्याआधी नेमाचा अध्याय ओठातल्या ओठात वाचायचा. आमटी आली तर आमटी, वंशावळ आली तर वंशावळ. मध्ये कोणी हाक मारली तर ओळीवर बोट ठेवून थांबायचं आणि उठायचं नाही. तुषार चेष्टा करी, "ताई, यक्षांच्या पोथीला नैवेद्य दाखवता की नाही?" त्या म्हणत, "बोलवीन तुला प्रसादाला."

एकदा जेवताना नाझनीनने विचारलं, "काजळ्याने काय केलं वाचलंत का?"

"कोण काजळ्या?" तुषार म्हणाला.

"अरे, द्वारपाल भैरोजीचा कुत्रा! गाळलेल्या पानांत गेला असेल तुझा." मग ती इतकं रंगवून सांगत सुटली, की तो काळा कुत्रा टेबलाखाली येऊन बसल्यासारखा वाटला. रेवतींना आधी तो नीटसा आठवेना; पण एवढ्या पसाऱ्यात एक कुत्रा नजरेतून निसटायला कितीसा वेळ लागतो? दोन-चार दिवसांत आठवला. पुढे तर त्याच म्हणाल्या, "झोपेत तो फाटका कान हलवतो ना, तेव्हा फार गोड दिसतो." तुषारलाही तो आवडू लागला. बखरीबद्दल चौघांचं चार दिशांना तोंड असे, पण काजळ्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

खटका उडाला तो सहाव्या खंडावरून.

"भैरोजीने मरता मरता गडाचं दार बंद केलं, तिथे मात्र लेखकाला मानलं," पुष्कर म्हणाले.

"काय प्रसंग आहे तो!" तुषार म्हणाला. "साखळी ओढताना हात रक्ताळतो त्याचा." नाझनीननेही मान डोलावली.

रेवतींचा घास हातात राहिला. "बंद कुठे केलं? त्याचा हात साखळीपर्यंत पोचतो आणि तिथेच गळून पडतो. दार उघडंच राहतं."

"अहो ताई, बंद केलं! नाहीतर गड वाचला कसा?"

"वाचलाच नाही. म्हणून तर पुढे राणी रानात हिंडते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात चेष्टा नव्हती, आणि रेवतींना तेच झोंबलं. मागचं पान उलटत नव्हतं. तिघं एकीकडे, आपण एकट्या. मग चूक कोणाची असणार? त्यांच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी नावं, मग घडलेल्या गोष्टी, शेवटी माणसं. पुढचे काही दिवस त्या आपलंच बोलणं तपासत राहिल्या.

पुष्करनी त्यांना भाजीच्या वाफ्यांपाशी गाठलं. "डॉक्टर, स्पष्ट बोलतो. स्मृतिदोषाची शंका जरी आली तरी यादीतून नाव जातं. एका कादंबरीतल्या दारासाठी मंगळ कशाला घालवता? म्हणून टाका, बंद केलं. संपला विषय."

"तुम्ही माझ्या भल्याचंच सांगताय," रेवती हळूच म्हणाल्या. "पण रोज सकाळी हात जोडून जे वाचलं, ते संध्याकाळी तोंडाने खोटं कसं करू?"

त्या संध्याकाळी संपर्कयंत्रावर त्या हिंगमिरेंना म्हणाल्या, "वैद्य म्हणून कळवते. दार उघडं राहिलं असं मी वाचलंय, आणि तेच म्हणत राहीन. पण तिघांना वेगळं आठवतंय. माझी स्मरणशक्ती कमी होत असेल. माझ्यावर विसंबून राहू नका."

पलीकडून एवढंच आलं, "ऐकलं, डॉक्टर."

रेवतींनी नेमात एक भर घातली. दिवेलागणीला हात जोडून झाले की वस्तीतली दारं, कड्या, झडपा एकेक करून हाताने चाचपायच्या. आठवणीला विचारायचं नाही, हाताला विचारायचं. तुषार म्हणे, "ताईंची प्रदक्षिणा निघाली."

वर्ष सरत आलं असताना शेवाळटाकी धुवायचा दिवस होता. वस्तीला प्राणवायू त्या टाकीतूनच मिळायचा. धुऊन, भरून सगळे हात पुसत जेवायला बसले.

"निचऱ्याची झडप लावली ना?" पुष्करनी विचारलं.

"लावली की, सर. मीच लावली."

"मी बघितलं लावताना," नाझनीन म्हणाली.

रेवतींनाही आठवत होतं. तुषारचा वाकलेला खांदा, मूठ फिरल्याचा खट् आवाज, सगळं. शंकेला जागाच नव्हती. तरी नेम तो नेम. त्या उठल्या, टाकीमागे वाकल्या आणि मुठीला हात लावला.

मूठ आडवी नव्हती, उभी होती. झडप उघडी होती. जाळीखालून हिरवं पाणी बिनआवाज वाहून चाललं होतं आणि टाकी निम्म्याखाली आली होती.

"तुषार!" त्यांनी आयुष्यात एवढ्या मोठ्याने कोणाला हाक मारली नव्हती.

झडप लागली, टाकी वाचली. जेवण तसंच निवून गेलं. तुषार आपल्याच तळहातांकडे बघत बसला होता. "ताई, देवाशपथ, मी लावली होती."

"माहीत आहे," रेवती म्हणाल्या. "मलाही तसंच आठवतंय."

वस्तीचं दार उघडलं तेव्हा माळावरचं ऊन आणि तापल्या दगडांचा वास एकदमच आत आला. हिंगमिरेंनी चौघांना प्रयोगशाळेत बसवलं आणि चारही पाट्या समोर मांडल्या.

"आता सगळं सांगते. तुमच्या चौघांच्या पाट्यांत चार वेगळ्या बखरी होत्या. लेखकाच्या संमतीने आम्ही थोडा थोडा फरक केला होता. सहावा खंड बघा. पुष्करजींच्या प्रतीत भैरोजी दार बंद करतो. तुषार, तुमच्या प्रतीत तो पळून जातो."

"काहीतरीच! रक्ताळलेला हात वाचलाय मी!"

हिंगमिरेंनी पाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि पाटी उलटी ठेवली.

"नाझनीन, तुमच्या प्रतीत तो पाचव्या खंडातच मेलाय. आणि रेवतीताई, तुमच्या प्रतीत त्याचा हात साखळीपर्यंत पोचतो आणि गळून पडतो. अक्षरशः तुम्ही सांगितलंत तसं."

रेवतींनी डोळे मिटले. मावशीचा चेहरा कितीतरी दिवसांनी समोरून बाजूला झाला.

"म्हणजे डॉक्टर पास, आणि माझं ऐकून हे दोघं नापास," पुष्कर म्हणाले. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, थोडी शरम होती. "आणि वर मी डॉक्टरांना खोटं बोलायचा सल्ला देत होतो."

"थांबा," हिंगमिरे म्हणाल्या. "काजळ्या राहिला."

"त्याचं काय?"

"तो फक्त नाझनीनच्या प्रतीत आहे."

"शक्यच नाही," रेवती म्हणाल्या. "मी एक ओळ गाळली नाही. मला तो डोळ्यांसमोर दिसतो, त्याचा तो फाटका कान..."

"डावा," नाझनीन पटकन म्हणाली.

"डावाच," तुषार म्हणाला.

हिंगमिरेंनी नाझनीनची पाटी उघडली आणि वाचून दाखवलं. काजळ्याचे दोन्ही कान भाल्याच्या पात्यांसारखे ताठ होते. "फाटका कान चौघांपैकी कोणाच्याच बखरीत नाही."

आणि मग रेवतींना तो दिसला. गावच्या देवळाची तिसरी पायरी, तिच्यावर बसलेलं काळं कुत्रं, डावा कान मधोमध चिरलेला. नैवेद्याचं ताट घरी नेणारी परकरातली मुलगी आधी त्याला तुकडा घालायची. चाळीस वर्षांत त्या त्याला पार विसरल्या होत्या. तो बखरीत शिरला होता आणि तिथून या तिघांच्या डोक्यात जाऊन बसला होता.

"तो कान मी आणला," त्या पुटपुटल्या. "घरून."

"न वाकणारं मन शोधायला आम्ही निघालो होतो," हिंगमिरे म्हणाल्या. "तसं मन नसतं. दाराच्या वेळी तुम्ही ताठ राहिलात, कुत्र्याच्या वेळी वाकलात. त्या संध्याकाळी संपर्कयंत्रावर मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं, पण सांगितलं असतं तर तुमची प्रदक्षिणा सुरूच झाली नसती आणि झडप उघडीच राहिली असती. तुम्हालाही ती बंदच आठवत होती ना?"

"खट् आवाजासकट."

"तरी तुम्ही उठलात. यादीत चौघांचीही नावं आहेत. एक अट आहे. ताईंची प्रदक्षिणा रोज, आळीपाळीने प्रत्येकाने घालायची. आणि चार बखरी बरोबर न्यायच्या."

तुषारचा जीव कुठे अडकला होता, ते आता कळलं. "ए नाझनीन, एक सांग. काजळ्या शेवटी जगतो ना गं?"

नाझनीनने तोंड उघडलं. रेवतींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"सांगू नकोस. वाटेत तुझी प्रत मी पहिल्या पानापासून वाचणार आहे. नेमाने."

"त्यात त्याचा कान फाटका नाहीये हं, ताई."

"माहीत आहे," रेवती म्हणाल्या. "तरी मला तो फाटकाच दिसणार."